चार पायांवर उभी राहणारी टाकाऊ शेळी

‘टाकाऊतून टिकाऊ’चा गृहपाठ दिला की त्या संध्याकाळी स्टेशनरीच्या दुकानात आइस्क्रीमच्या कोऱ्या काड्या खपतात. असलं टाकाऊ मी वर्गात घेत नाही. सहावी-सातवीच्या पाच-सहा मुलांचा गट करा, एका गटाला एक शेळी.

धड म्हणजे तेलाचा रिकामा पाच लिटरचा कॅन, आडवा. गरम साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा. मान-डोक्याला बाटली, कानांना तुटकी स्लीपर, पायांना प्लंबरकडे उरलेले पाइपचे चार सारखे तुकडे.

आता पाय. माझी पहिली शेळी स्नेहसंमेलनाच्या सकाळी पाहुण्यांसमोर फतकल मारून बसली, कारण पाय फेव्हिकॉलने चिकटवले होते. पांढरा गोंद वाळतो तो त्यातलं पाणी निघून जातं म्हणून. कागद, पुठ्ठा, लाकूड ते पाणी शोषतात. प्लास्टिकला प्लास्टिक चिकटवलं तर पाणी जाणार कुठे? दोन दिवसांनीही आत गिळगिळीतच. ‘मग ग्लूगन वापरा’ म्हणणाऱ्यांनी तीस मुलं आणि एक सॉकेट असलेला वर्ग पाहिलेला नसतो. शिवाय गुळगुळीत प्लास्टिकवरून तो गोंद थंड झाल्यावर सालपटासारखा सुटतो.

चिकटवू नका, बांधा. बांधकामावरची बाइंडिंग तार आणा. कॅनमध्ये तोंडातून रद्दीचे बोळे ठासून भरा, नाहीतर तार आवळताना कॅन पिचकतो. पायाचा वरचा चार बोटं भाग कॅनच्या कुशीला टेकवा आणि तिथे वर-खाली दोन भोकं पाडा. दोनच. एका भोकावर बांधलेला पाय घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. खुणा मुलं करतील, ड्रिल तुम्ही धरा. तापवलेल्या सुईने भोकं पाडायचा सल्ला मिळेल. जळक्या प्लास्टिकचा धूर वर्गात कशाला? सायकलचा जुना स्पोक आरपार घालून वाट करा, मग तार या पायातून कॅनमधून पलीकडच्या पायात नेऊन पिळा. माझ्या वर्गातल्या एका गवंड्याच्या मुलाने सळया बांधायचा आकडा घरून आणला आणि पक्कडवाल्या आम्हा सगळ्यांना मागे टाकलं. टोकं आत वळवा. पायांच्या तळाशी चिंधीचा बोळा कोंबून वर मूठभर वाळू ओता, शेळी कलंडत नाही.

चंदीगडच्या रॉक गार्डनमध्ये नेक चंद यांनी टाकाऊ वस्तूंतून घडवलेल्या मूर्तींवर बांगड्यांच्या काचा दिसतात. लोक काचाच पाहतात. आतलं लोखंड आणि सिमेंट दिसत नाही. आपली तार तशीच कागदाखाली जाणार आहे, ओबडधोबड दिसली तरी चालेल.

मानही अशीच दोन भोकांवर बांधा.

वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडा, कापू नका. फाटकी कड बेमालूम बसते. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, शिजवून खळ. कीड लागू नये म्हणून जुनी माणसं खळीत मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायची. तो विषारी आहे, मुलांच्या हातात अजिबात नको. तीन थर, प्रत्येक थर वाळायला एक दिवस. पावसाळ्यात हा उद्योग काढूच नका.

रंग, सुतळीची दाढी, कान: मुलांचं काम. डोळे तिरळे आले तर येऊ देत.

खळ उंदरांना फार आवडते. रंग लागेपर्यंत शेळी रात्री कपाटात, कुलपात.