मियाटात रोल बार बसवताना या चुका टाळा

बे एरियातल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांना रेस ट्रॅकवर गाडी पळवायचा नाद लागतो, त्यांतले बरेच जण जुनी माझदा मियाटा घेऊन सुरुवात करतात. निवड उत्तम आहे. जेमतेम हजार किलोची, कापडी टप उघडता येणारी गाडी, इंजिनची ताकद मागच्या चाकांना, आणि सुटे भाग सहज मिळणारे. पण ही गाडी उलटली तर डोकं आणि डांबर यांच्यामध्ये विंडशील्डच्या चौकटीखेरीज काही नसतं, आणि त्या चौकटीवर कुणी भरवसा ठेवू नये. म्हणूनच ट्रॅक डेचे, म्हणजे फी भरून आपली गाडी ट्रॅकवर चालवायच्या दिवसाचे, अनेक आयोजक अशा गाडीला रोल बारशिवाय, म्हणजे सीटमागे डोक्याच्या रक्षणासाठी बसवलेल्या पोलादी नळीच्या कमानीशिवाय, आत सोडत नाहीत. तरीही दर हंगामात नवी पोरं त्याच त्या चुका करून येतात, म्हणून हे लिहितो आहे. मी १९८९ ते २००५ या काळातल्या पहिल्या दोन पिढ्यांच्या गाड्यांबद्दल बोलतोय, कारण माझे हात त्यांच्यातच काळे झालेत.

सगळ्यात आधी, स्टाइल बारला रोल बार समजू नका. सीटमागे चकाकणाऱ्या क्रोमच्या दोन कमानी असलेली गाडी विकताना मालक "रोल बार आहे" असं बिनदिक्कत सांगतो. त्या कमानी शोभेच्या आहेत. खऱ्या बारमध्ये मुख्य कमान एकाच अखंड नळीची असते, मागे जाणारे दोन आधार असतात आणि कमानीत एक तिरपा दांडा असतो. तो तिरपा दांडा नसेल तर गाडी कुशीवर पडली की कमान बाजूला कलंडते. नळी सहसा पावणेदोन इंच व्यासाची आणि ०.१२० इंच जाडीची असते. ओळखीतला कुणी स्वस्तात वाकवून देतो म्हणाला, तर नळी कुठली, जाडी किती हे विचारा आणि वाकवलेल्या जागी सुरकुती पडली आहे का ते बोट फिरवून पाहा. सुरकुती दिसली तर तिथूनच परत फिरा. माझं मत विचाराल तर मियाटासाठीच बनवलेला, वर्षानुवर्षं लोक वापरत आलेले बारच घ्या. हार्ड डॉग, ब्लॅकबर्ड फॅबवर्क्स ही त्यातली ओळखीची नावं. इथे वाचवलेले दोन-तीनशे डॉलर कुणाच्या कामी येत नाहीत.

दुसरी चूक म्हणजे उंची न मोजता बार मागवणं. तपासणीला झाडूच्या दांड्याची परीक्षा असते. तुम्ही हेल्मेट घालून, पट्टा आवळून नेहमीसारखे बसायचं आणि तपासनीस बारच्या माथ्यापासून विंडशील्डच्या वरच्या कडेपर्यंत सरळ दांडा ठेवतो. हेल्मेट त्या रेषेच्या खाली राहिलं पाहिजे, आणि बरेच क्लब वर दोन इंच मोकळी जागाही मागतात. इथे लोक खांदे पाडून, मान आखडून पास होतात. मला याचा मनापासून राग येतो. गाडी उलटताना तुम्ही मान आखडून बसणार आहात का? उंच माणसाने बार घेण्याआधी त्याच बारच्या दुसऱ्या गाडीत स्वतःचं हेल्मेट घालून बसून पाहावं. जागा कमी पडली तर सीटच्या गादीतला फोम कापून खाली बसता येतं, किंवा सीटच बदलता येते. मात्र बार आल्यावर सीट पूर्वीइतकी मागे जात नाही, हे धरून चाला. उंच बार घ्यायचा तर त्यावर टप नीट मिटतो का आणि हार्डटॉप (वरून लावायचं कडक छप्पर) बसतो का, हे विक्रेत्याकडून आधी पक्कं करून घ्या.

आता भोकं पाडण्याबद्दल, कारण जीवावर बेततं ते इथे.

मियाटाची पेट्रोलची टाकी सीटमागच्या शेल्फच्या पत्र्याखाली असते. भरण्याचं झाकण डाव्या अंगाला, म्हणजे टाकीकडे जाणारी जाड रबरी नळी आणि तिच्या सोबतची, टाकीतली हवा बाहेर सोडणारी बारीक ब्रीदर नळी, दोन्ही त्याच बाजूला. माझ्या ओळखीच्या एका तरुणाचं दुसऱ्या दिवशी थंडरहिलच्या ट्रॅकवर बुकिंग होतं आणि शुक्रवारी ऑफिसातून आल्यावर त्याने बार बसवायला घेतला. गालिचा अर्धाच उचललेला, शेल्फवरचं दहा मिलिमीटर बोल्टांचं झाकण जागच्या जागी, आणि थेट मोठा बिट लावून ड्रिल सुरू. डाव्या बाजूला पत्रा फुटला तसा बिट झटक्यात आत शिरला. त्याचा फोन आला तेव्हा म्हणाला, "दादा, थोडा वास येतोय, पण गळत काही नाही." मी त्याला आधी गाडी ढकलून बाहेर काढायला लावली, कारण त्याच्या गराजमध्येच गॅसचा वॉटर हीटर होता, खाली ज्योत पेटलेली. जाऊन पाहिलं तर ब्रीदर नळी आरपार तुटलेली आणि जाड नळीला असा चर पडलेला की रबराच्या आतला धागा उघडा दिसत होता. थंडरहिल बुडालं, फी बुडाली. मला त्या पैशांचं काही वाटलं नाही. दाराशी त्याची लहान मुलगी उभी होती, तिच्याकडे पाहून मात्र मला घाम फुटला.

माझी पद्धत संथ आहे, आणि मी ती बदलणार नाही. डिकीतल्या बॅटरीची तार काढायची. गालिचा पूर्ण बाहेर, शेल्फचं झाकण उघडं, नळ्या डोळ्यांनी पाहायच्या. नळ्या आणि पत्रा यांच्यामध्ये प्लायवुडचा तुकडा सरकवायचा. सेंटर पंचने खूण, मग बारीक बिट, मग एकेक पायरी मोठा. बिटावर लाकडाचा ठोकळा ओवून जेमतेम अर्धा इंच टोक बाहेर ठेवतो, म्हणजे हात घसरला तरी बिट पुढे जात नाही. सगळे बोल्ट आधी हातानेच सैल लावायचे, टप एकदा उघडून-मिटून पाहायचा, मगच आवळायचे. या कामाला पूर्ण शनिवार-रविवार द्या, आणि ट्रॅकची तारीख त्याच्या पुढच्या आठवड्यातही ठेवू नका.

बारच्या पायाला आधार म्हणून पत्र्याखालून लावायची प्लेट गाळणाऱ्यांनाही दोन शब्द. बार कितीही जाड असू दे, खाली पातळ पत्रा आणि लहान वॉशर असेल तर पाय पत्रा फाडून खाली जातो. एफआयएच्या (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या) नियमात मुख्य कमानीच्या प्रत्येक पायाला किमान १२० चौरस सेंटिमीटरची, ३ मिलिमीटर जाड प्लेट आणि ८.८ ग्रेडचे (मजबुतीचा दर्जा) निदान ३ बोल्ट लागतात. ट्रॅक डेला तो नियम बंधनकारक नसेल, पण मापदंड म्हणून तोच डोळ्यांपुढे ठेवा. किटसोबत आलेला बोल्ट हरवला तर साध्या दुकानातला, डोक्यावर ग्रेडची खूण नसलेला बोल्ट लावू नका.

भोकांच्या कडांना लगेच प्रायमर लावा आणि लोखंडाचा कीस व्हॅक्यूमने काढा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज धरतो.

टपाचं पाणी खाली नेणाऱ्या नळ्या मागच्या कोपऱ्यांत असतात. त्या चेपल्या तर पाणी आत साचून दाराखालचे पत्र्याचे सिल गंजून कुजतात, म्हणून शेवटी वरून थोडं पाणी ओतून पाहा.

बारवर पाण्याच्या पाइपला लावायचा मऊ फोम गुंडाळू नका. एसएफआय ४५.१ या रेसिंग सुरक्षा मानकाचं कडक पॅडिंग लावा. आणि रस्त्यावर बिनहेल्मेटचं फिरताना डोकं बारपर्यंत पोचत असेल, तर ती गाडी रस्त्यावर काढूच नका.

हार्नेस, म्हणजे रेसिंगचा अनेक पट्ट्यांचा सीटबेल्ट, लावायचा असेल तर खांद्याचे पट्टे बारच्या आडव्या दांड्याला, खांद्याच्या पातळीत किंवा फार तर २० अंश खाली. सीटमागे जमिनीला बांधलेले पट्टे धडकेत पाठीचा कणा दाबतात. मांड्यांमधला पट्टा नसलेला चार टोकांचा हार्नेस तर मी कुणाला सुचवतच नाही.

पहिल्या ट्रॅक डेहून घरी आलात की गाडी धुण्याआधी टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) काढा आणि बारचा प्रत्येक बोल्ट पुन्हा तपासा. रंगाचा थर दबतो आणि एखादा हमखास थोडा सैल सापडतो.