विज्ञान मंडळ दिवाळीनंतर ओस का पडतं? या चुका टाळा

जुलैत तीस मुलं येतात. बाकं पुरत नाहीत, म्हणून काही जण खिडकीच्या कट्ट्यावर बसतात. गणपतीनंतर अठरा उरतात. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते तेव्हा मंडळात सात-आठ जण असतात, आणि शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणतं, "हल्लीच्या मुलांना मोबाइलशिवाय कशात रसच नाही."

मी तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवते. पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी विज्ञान मंडळ चालवायला लागून मला अकरा वर्षं झाली. पहिली तीन वर्षं ते असंच गळत गेलं. पण गळतीचं कारण मुलांचा रस आटला हे होतं, असं एकदाही आढळलं नाही. दरवेळी खोट आम्ही मोठ्यांनी केलेल्या व्यवस्थेत निघाली, आणि व्यवस्था बदलता येते. म्हणून हे लिहिते आहे.

नोटिशीतला 'गुणवंत' हा शब्द

"इच्छुक व गुणवंत विद्यार्थ्यांनी नावे द्यावीत," अशी नोटीस वर्गात वाचली की अर्धा वर्ग तिथेच मनातून बाहेर पडतो. नावं देतात ती नेहमीची आठ मुलं, जी वक्तृत्वातही असतात, शिष्यवृत्तीच्या जादा तासालाही असतात आणि स्नेहसंमेलनातही. त्यांची ओढाताण सुरू झाली की सगळ्यात आधी सुटतं ते मंडळ, कारण तिथे गुण नसतात.

विज्ञानात चाळीस गुण मिळवणारा, पण घरी फवारणीचा पंप उघडून पुन्हा जोडणारा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. त्याला नोटिशीने दारातच अडवू नका. मी आता चोवीस जागा ठेवते. जास्त नावं आली तर मुलांसमोर चिठ्ठ्या काढते. दोघांची एक जोडी धरली की बारा जोड्या होतात आणि सामानाचा हिशेब सोपा जातो.

शेवटची गाडी

ही चूक मला सर्वांत उशिरा कळली. तिने मुलांचं नुकसानही सर्वांत जास्त केलं.

शाळा पाचला सुटायची आणि मंडळ पाच ते सहा. एकदा हजेरीची वही घेऊन बसले आणि प्रत्येक नावापुढे गाव लिहिलं. गळालेल्यांत मुली जास्त होत्या आणि बहुतेक चारच गावांच्या. त्या गावांना मानव विकास या सरकारी कार्यक्रमाची निळी एसटी जाते. तिच्यात मुलींना तिकीट नसतं, आणि ती सव्वापाचला सुटते. ती चुकली तर दुसरी गाडी सातला, आणि डिसेंबरात सहाच्या सुमाराला अंधार पडतो. कोणती आई मुलीला 'थांब' म्हणेल? मुलींनी हे कारण मला कधी सांगितलं नाही. "घरी काम आहे मॅडम," एवढंच म्हणायच्या.

तुमच्या मंडळाची हजेरी घसरत असेल तर आधी हेच करून पाहा. नावापुढे गाव लिहा, गावापुढे गाडीची वेळ. गाडीची वेळ स्वतः थांब्यावर जाऊन कंडक्टरला विचारा, कारण पाटीवरची आणि खरी वेळ यांत फरक असतो.

आम्ही मंडळ शनिवारी आणलं. शनिवारी शाळा सकाळची असते आणि दुपारच्या गाडीला वेळ असतो. मुख्याध्यापक तयार होत नसतील तर बोलताना दोन आधार हाताशी ठेवा. राज्यात २०२४पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहे, आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत असं सुचवलेलं आहे. वेळापत्रकात मंडळाचं नाव लिहून घ्या. तोंडी मिळालेली वेळ पहिल्याच जादा तासात जाते.

संध्याकाळीच घ्यावं लागत असेल तर चाळीस मिनिटांत आटपा आणि सुटण्याची वेळ पालकांना वहीत लिहून पाठवा. शिवाय दुपारच्या खिचडीनंतर पाचपर्यंत मुलांच्या पोटात काही नसतं. डबाभर चुरमुरे-फुटाणे ठेवले तर चिडचिड निम्मी होते.

एक मोटर आणि तीस प्रेक्षक

शिक्षक टेबलावर प्रयोग करतो, मुलं भोवती कोंडाळं करतात, मागच्यांना दिसत नाही म्हणून गलका होतो, शिक्षक रागावतो. हा तर वर्गातला तासच झाला. पुढच्या आठवड्यात मागची रांग येत नाही.

साध्या विजेच्या मोटरचं उदाहरण घेते, कारण ती प्रत्येक जोडीला देता येते आणि बहुतेक वेळा पहिल्या फेरीत फिरत नाही. लागतो एक मोठा सेल, दोन सेफ्टी पिना, त्या सेलच्या टोकांना घट्ट धरायला सायकलच्या ट्यूबचं रबर, जुन्या स्पीकरमधलं चुंबक आणि हातभर वाइंडिंगची तार. तार विकत घेऊ नका. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात उरलेले तुकडे मागितले तर मिळतात. सेलभोवतीच तारेचे दहा वेढे घ्यायचे, काढून दोन्ही टोकं समोरासमोर सरळ बाहेर ठेवायची आणि ती पिनांच्या नाकांत अडकवायची. चुंबक सेलवर, वेटोळ्याच्या खाली.

फिरली नाही, तर कारण जवळजवळ नेहमी वार्निश असतं. तार नुसत्या तांब्याची दिसते, पण तिच्यावर पारदर्शक थर असतो आणि त्यातून वीज जात नाही. तो पॉलिश पेपरने खरवडायचा, पण दोन्ही टोकं सारखी नाही. एक टोक चारी बाजूंनी आणि दुसरं तीनच बाजूंनी. उत्साहाच्या भरात मुलं दोन्ही पूर्ण खरवडतात. मग वेटोळं डुलतं आणि थांबतं, कारण पहिल्या अर्ध्या फेरीत मिळालेला रेटा दुसऱ्या अर्ध्या फेरीत उलटा लागतो. चौथी बाजू राखली की तेवढ्या वेळापुरता प्रवाह तुटतो आणि वेटोळं आपल्या वेगाने पुढे जातं.

तरीही फिरत नसेल तर या क्रमाने बघा: वेटोळं एका बाजूला जड आहे का, पिना सेलला नीट टेकल्या आहेत का, चुंबक लांब आहे का, सेल दमला आहे का. आणि बोटाने हलकी टिचकी द्या, सुरुवातीचा धक्का तिला लागतो. अडकलेलं वेटोळं तसंच ठेवू नका, तार आणि सेल दोन्ही तापतात. घरातल्या बोर्डच्या विजेला मंडळात कुणीही हात लावायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी भिंतीवर लावा.

ही कारणं मुलांना आधी सांगू नका. सांगायचा मोह फार होतो. पण न फिरणारी मोटर घेऊन वीस मिनिटं झगडलेली जोडी पुढच्या शनिवारी हमखास येते.

महागडं किट नसल्याची सबबही सोडा. टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी १९७०च्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीचे आकार बनवले. चौकोन दाबला की कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही. छताची कैची आणि विजेचा मनोरा त्रिकोणांचा का असतो, हे मुलांना बोटांत कळतं. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अशी शेकडो खेळणी केली आणि त्यांच्या कृती सर्वांसाठी मोफत खुल्या ठेवल्या, मराठीतही.

वही मुलीकडे, पक्कड मुलाकडे

एकदा खोलीच्या कोपऱ्यात शांत उभं राहून पाहा. मिश्र जोडीत सामान मुलगा उचलतो आणि "तुझं अक्षर छान आहे, तू लिही," असं म्हणून वही मुलीकडे जाते. आठवीची मुलं पाचवीच्या मुलांना चुंबक शोधायला पिटाळतात. कुणाच्या मनात वाईट नसतं, पण वर्षभर नोंदीच लिहिलेली मुलगी पुढच्या वर्षी नाव देत नाही. मी दर पंधरा मिनिटांनी टाळी वाजवते आणि काम बदलतं: जो लिहीत होता तो खरवडणार. एवढं पुरतं.

प्रदर्शनासाठी मंडळ

तालुका विज्ञान प्रदर्शनाची तारीख आली की थर्माकोल येतो, बाजारातली तयार ज्वालामुखीची प्रतिकृती येते, आणि मुलाला चार ओळी पाठ करायला मिळतात. परीक्षकाने पाचवी ओळ विचारली की मूल गप्प. घरी जाताना त्या मुलाचा चेहरा बघवत नाही.

मुलांच्या नव्या कल्पनांना पैसे देणाऱ्या 'इन्स्पायर मानक' या सरकारी योजनेच्या बाबतीत हे आणखी वाईट होतं. एका शाळेला पाच कल्पना पाठवता येतात आणि निवड झालेल्या मुलाच्या खात्यात दहा हजार रुपये येतात, म्हणून कल्पना मोठेच लिहून देतात. मुलांच्याच पाच कल्पना शोधायच्या असतील तर जूनपासून भिंतीवर एक कागद लावून ठेवा: 'घरी किंवा शेतात कशाचा त्रास होतो?' आमच्या कागदावर सहावीच्या एका मुलीने लिहिलं होतं की आजीला हंड्यात किती पाणी उरलं ते रात्री दिसत नाही. यापेक्षा चांगली सुरुवात मी तिला देऊ शकले नसते.

पाऊस संपला, आता काय?

दिवाळीनंतरच्या ओसाडीचं एक कारण असं की आपण सुट्टीआधी धागा तोडतो. मंडळाला वर्षभर पुरेल असं एक लांब पल्ल्याचं काम हवं. आमचं काम पर्जन्यमापक. सरळ अंगाची बाटली घ्या. कमरेत चेपलेली चालत नाही, माप चुकतं. वरचा भाग कापून उलटा बसवला की नरसाळं होतं. तळ उंचसखल असतो, म्हणून खडे टाकून सपाट भागापर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्य धरा. पट्टी बाहेरून चिकटवा. बाटली झाडाखाली किंवा भिंतीलगत नको. हवामान खातं सकाळी साडेआठला चोवीस तासांचा पाऊस मोजतं. तुम्ही दुसरी वेळ धरा हवी तर, पण रोज तीच.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वीस बाय आठ मीटरच्या आमच्या छपरावर चाळीस मिलिमीटर पडला त्या दिवशी मुलांनी गुणाकार केला: ६,४०० लिटर. उन्हाळ्यात शाळेत टँकर येतो हे त्यांना माहीत आहे. पुढची चर्चा मला सुरू करावी लागली नाही.

सुट्टीलाही काम द्या. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह, तो बऱ्याचदा दिवाळीच्या सुट्टीत येतो. घराच्या अंगणात रोज दहा मिनिटं दिसतील ते पक्षी मोजायचे आणि शाळा उघडली की वह्या एकत्र करायच्या. वही भरलेली असली की मूल ती दाखवायला येतंच. डिसेंबरात आकाश स्वच्छ असतं. रात्री दहाला अंगणात उभं राहून पूर्वेला मृगाच्या पोटातला बाण, आणि त्या तीन ताऱ्यांच्या रेषेत लखलखणारा व्याध. मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सावली पायाखाली दडते. जुलै-ऑगस्टात तो पुन्हा येतो खरा, पण ढगांमुळे हुकतो, म्हणून सुट्टी लागण्याआधी गावाची तारीख काढून द्या.

कपाटाची किल्ली

सामान कुलपात, किल्ली कार्यालयात, लिपिक रजेवर. किंवा शिक्षिका निवडणुकीच्या कामावर, म्हणून मंडळ बंद. दोन शनिवार असे गेले की मुलं तिसऱ्याला विचारतसुद्धा नाहीत. किल्ली आठवीच्या दोघांकडे द्या. सेल, तार, आगकाड्या, भिंग एवढंच त्या कपाटात असू द्या. आम्ल आणि स्पिरिटचा दिवा प्रयोगशाळेतच राहू दे. खोलीत बसायला कुणी एक मोठं माणूस हवं, ते विज्ञानाचंच असायला हवं असं नाही. आमच्याकडे चित्रकलेचे सर बसतात.

गेल्या वेळी मी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेले होते. सोमवारी वही उघडली तर सातवीतल्या मुलाच्या अक्षरात नोंद होती: "मॅडम नाहीत. हजर १९. मोटर ७ फिरल्या, २ नाहीत. एकीचं वार्निश राहिलं होतं. दुसरीचं कळलं नाही, पुढच्या शनिवारी बघणे."