डिसेंबरात जन्मलेल्या मुलीचे पहिलीचे वर्ष

माझ्या मुलीचा जन्म डिसेंबरचा आहे, ही गोष्ट तिच्या पहिलीच्या वर्षात इतकी महत्त्वाची ठरेल असे प्रवेश घेताना मला वाटले नव्हते. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. त्यामुळे जूनमध्ये ती परळच्या मराठी शाळेत जाऊ लागली तेव्हा साडेपाच वर्षांची होती आणि तिच्या बाकावरची जानेवारीत जन्मलेली मुलगी जवळजवळ साडेसहा वर्षांची. ती मुलगी स्वतःचे नाव रेघेवर लिहायची, आमची अजून पेन्सिल मुठीत धरायची. पहिले दोन महिने मी या दोघींची मनात रोज तुलना करत होतो आणि त्याची झळ मुलीला लागत होती. यंदा ज्यांचे मूल पहिलीत जात आहे त्यांनी वर्गातल्या मुलांचे जन्ममहिने आधी विचारून घ्यावेत, असे मी कळकळीने सांगेन.

प्रवेशाच्या कागदपत्रांबद्दल एवढेच की जन्मदाखल्यावरचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अक्षरशः तपासून घ्या. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जे नोंदले जाते तेच पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर उतरते आणि नंतर दुरुस्ती करून घेणे फार जिकिरीचे होते.

अभ्यासाची तयारी म्हणून मे महिन्यात मी तिच्याकडून क, ख, ग, घ असे ओळीने गिरवून घेतले होते. वर्गात मात्र बाईंनी ज्या अक्षरांपासून लगेच शब्द तयार होतात अशी अक्षरे गटागटाने घेतली. आपल्याकडे वळण सारखे असलेली अक्षरे एकत्र शिकवण्याची ग, म, भ, न ही जुनी रीत आहेच, तरीही मला ते ओळखता आले नाही. घरी मी एक क्रम धरून बसलो होतो, शाळेत दुसरा चालू होता आणि दोन्हींच्या मध्ये ती गोंधळून रडत होती. बाईंना भेटल्यावर त्यांनी मला महिनाभर घरी काहीही लिहून न घेण्यास सांगितले, आणि ते मी पाळले.

खरी चूक डब्याची झाली. पहिले आठ-दहा दिवस डबा जसाच्या तसा परत येत होता. आम्ही पोळीभाजीऐवजी उपमा दिला, मग घावन, मग शिरा. आजीने नजर काढली. पुढच्या रविवारी राणीच्या बागेत खायला बसलो तेव्हा तिने डबा मांडीवर घेतला, चारही बाजूंच्या कड्यांपैकी एकीखाली नख घातले, ओठ घट्ट मिटून जोर केला, नख पांढरे पडले, आणि मग काहीही न बोलता डबा माझ्यापुढे सरकवला. भाजीचा रस दप्तरात सांडू नये म्हणून मीच रबराची कड असलेला तो घट्ट डबा दादरहून आणला होता. “बाईंना का नाही सांगितलंस?” असे विचारले तर म्हणाली, “बाई दुसऱ्यांचे उघडत होत्या ना, बाबा.” एवढे दिवस ती रांगेत आपली पाळी येण्याची वाट पाहत होती आणि पाळी येईपर्यंत मधली सुट्टी संपत होती.

बालवाडी आमच्या चाळीच्या खालीच होती, त्यामुळे अडले की कोणीतरी ओळखीचे माणूस धावून येई. पन्नास मुलांच्या वर्गात मागून घ्यावे लागते. म्हणून जूनआधी डबा, पाण्याची बाटली, रेनकोटची बटणे आणि चपलेचा पट्टा यांचा सराव मुलाच्या हातांनी करून घ्या आणि “बाई, मला शू लागली आहे” हे मोठ्याने म्हणण्याचाही. अक्षरे बाई शिकवतातच.

मुंबईत आणखी एक व्यवस्था आधी लावावी लागते. २०२४ मध्ये राज्य शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याची सूचना दिली. मुलांच्या झोपेसाठी ते हिताचेच आहे, पण फोर्टला नोकरी करणाऱ्या आईवडिलांची लोकल त्याआधीच सुटते, आणि जुलैत हिंदमाताला पाणी साचले की संध्याकाळी परत कधी पोहोचू याचा भरवसा नसतो. मुलाला घरी नेण्यास परवानगी असलेल्यांच्या यादीत आम्ही शाळेजवळ राहणाऱ्या एका काकूंचे नाव दिले होते. त्या पावसाळ्यात ते दोनदा उपयोगी पडले.

घरी आल्यावर “आज काय शिकवलं?” याला वर्षभर “काही नाही” हेच उत्तर मिळाले. “डबा कोणाबरोबर खाल्लास?” असे विचारू लागलो तेव्हापासून ती बोलू लागली. दिवाळीनंतर कळले की बाकावरच्या त्याच जानेवारीच्या मुलीला घावन आवडते आणि डब्याच्या दोन कड्या ती काढते, दोन आमची.