थेंबात उमटलेलं जवसाचं फूल: मॅक्रो फोटो कसा काढावा

डिसेंबर-जानेवारीत जवसाचं वावर निळं होतं. फुलं सकाळी उमलतात आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळू लागतात. म्हणून उन्हं चढायच्या आत, वारा पडलेला असतानाच कामाला लागावं.

50 मि.मी.ची लेन्स आणि 36 मि.मी.ची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) पुरे. फूल सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर) जवळपास प्रत्यक्षाएवढं उतरतं. मोबाइलवर काढायचं असेल तर 2 मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा विसरा. मुख्य कॅमेऱ्यावर चिमट्याची मॅक्रो लेन्स लावा, फरक लगेच दिसेल.

थेंब साध्या पाण्याचा टिकत नाही. औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळा. गवताची बारीक काडी धुऱ्यावर (बांधावर) रोवलेल्या कामडीला (बांबूच्या काडीला) कपड्याच्या चिमट्याने आडवी लावा आणि ड्रॉपरने तिच्यावर 2-3 मि.मी.चा थेंब सोडा. त्याहून मोठा झाला की घसरतो.

आता थेंबामागे 3-4 सें.मी.वर फूल, तोंड कॅमेऱ्याकडे. लांब गेलं तर थेंबात ठिपक्याएवढं दिसतं, फार जवळ आलं तर पाकळ्या कापल्या जातात. थेंब लेन्ससारखं काम करतो, त्यामुळे आतली प्रतिमा उलटी असते. जवसाचं गोल फूल समोरून उलटं-सुलटं सारखंच. पण खरिपात पऱ्हाटीचं (कपाशीचं) फूल बाजूने घ्यायचं असेल तर ते चिमट्यात उलटं टांगा, थेंबात सुलटं दिसेल. हे फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी. एकाच झाडावर दोन्ही रंग मिळतात.

सगळ्यात जास्त फोटो फसतात ते फोकसमध्ये. थेंबाची कड धारदार आली की आतलं फूल धूसर होतं, कारण प्रतिमा कडेच्या प्रतलात नसते. फोकस मॅन्युअलवर ठेवा, थेंबातल्या फुलाकडे बघत कॅमेराच केसभर मागे-पुढे सरकवा आणि सलग पाच-सहा फोटो घ्या. अॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, एफ 8 ते 11 (आकडा मोठा तितकं भोक लहान). एफ 16 च्या पुढे सगळंच मऊ पडतं. शटर निदान 1/250 सेकंद, उजेड कमी पडला तर आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा.

थेट ऊन पडलं की थेंबावर पांढरा डाग येतो. मध्ये पांढरं धोतर ताणून धरा आणि सावलीच्या बाजूला पांढरा पुठ्ठा ठेवा.

फवारणी झालेल्या वावरात मात्र त्या दिवशी शिरू नका. धन्याला विचारून घ्या.