पडवीत वजन उचला, मनासाठी

"आम्ही दिवसभर राबतो, वेगळा व्यायाम कशाला?" हा प्रश्न कोकणात घरोघरी ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. विहिरीचं पाणी शेंदायला, पाखाडी चढून बाजाराच्या पिशव्या आणायला, खाचरात वाकून लावणी करायला, रापण ओढायला ताकद लागतेच. पण त्या कामात ओझं किती आणि थांबायचं कधी हे आपल्या हातात नसतं. एकच खांदा, एकच कंबर वर्षानुवर्षं झिजते. व्यायामात वजन मोजून घेतलेलं असतं, दोन्ही बाजूंना सारखं पडतं आणि दमण्याआधी खाली ठेवता येतं. काम संपल्यावर नुसता थकवा उरतो, व्यायामानंतर मन हलकं होतं, यामागे हा फरक बराच आहे असं आमचं मत आहे.

२०१८ साली अशा व्यायामाच्या ३३ चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासले गेले. त्यांत सुमारे १,९०० माणसं होती. वजनाच्या व्यायामाने उदासीची लक्षणं कमी झाली, आणि मुख्य म्हणजे ताकद किती वाढली यावर तो फायदा अवलंबून नव्हता. म्हणून जड उचलायची घाई नको. आठवड्याचे दोन दिवस ठरवा, समजा सोमवार आणि गुरुवार, आणि ते पाळा. जागतिक आरोग्य संघटनाही प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते.

सुरुवात पावसाळ्यात केली तरी उत्तम. जून लागला की फिरणं बंद पडतं, ऊन दिसत नाही, घर ओलसर होतं आणि माणूस आतल्या आत कोंडतो. पडवीला छप्पर असतं, वारा असतो. फक्त लादी किंवा कोबा आधी कोरडा पुसून घ्या. घसरून पडण्याचा धोका वजनापेक्षा मोठा आहे.

सामानाला पैसे लागत नाहीत. जुनं दप्तर घ्या, त्यात तांदळाच्या पुड्या भरा आणि दुकानाच्या काट्यावर पाच किलो करून आणा. लिटरची बाटली पाण्याने भरली की एक किलो, कोरड्या वाळूने भरली की साधारण दीड किलो. वाळू गोणीत ठेवू नका. पावसाळी हवेत ती ओल धरते, वजन बदलतं आणि वहीतला आकडा खोटा ठरतो. बाटलीत भरून झाकण घट्ट लावा. लोखंडी डंबेल्स असतील तर खाऱ्या हवेत महिन्याभरात तांबेरतात, म्हणून वापरून झाल्यावर पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा.

आधी पाच मिनिटं जागच्या जागी चाला, हात-खांदे फिरवा. मग खुर्चीवरून उठबस. खुर्ची भिंतीला टेकवा, नाहीतर प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते. खाली बसताना मनात तीन मोजा, गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेला राहू द्या. ते आत वळायला लागले तर वजन जास्त झालं. सोपं वाटू लागलं की दप्तर छातीशी धरा.

यानंतर जमिनीवरून उचलणं, आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. दप्तर दोन पावलांच्या मधे ठेवा. पाठीतून वाकू नका, मागचा दरवाजा ढकलायचा असावा तसे कुल्ले मागे न्या, गुडघे थोडे मोडा, पाठ सरळ ठेवा आणि दप्तर पायांना घासत वर आणा. ते अंगापासून लांब राहिलं की कंबरेत लचक भरते. हे एकदा अंगवळणी पडलं की घागर, सिलिंडर, नारळाचं पोतं, सगळं तसंच उचलाल. आमच्या मते एवढा एकच प्रकार शिकलात तरी चालेल.

ढकलण्यासाठी जोर: आधी भिंतीवर, मग ओट्यावर, शेवटी जमिनीवर. ओढण्यासाठी एक हात आणि एक गुडघा बाकावर टेकून दुसऱ्या हाताने पिशवी कंबरेकडे खेचा. शेवटी दोन्ही हातांत सारख्या वजनाच्या पिशव्या घेऊन पडवीत ३० पावलं चाला.

चालणं सोडून प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, असे दोन फेरे, मधे दीड-दोन मिनिटं विश्रांती. अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटतं तिथे थांबा. जोर लावताना श्वास सोडा. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन्ही दिवशी (समजा सोमवारी आणि गुरुवारी) १२-१२ आरामात झाले की एक किलो वाढवा, त्याहून जास्त नाही.

पहिल्या आठवड्यात अंग आंबेल. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं आणि ओसरतं. सांध्यात टोचलं तर मात्र तो प्रकार थांबवा. इथल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग तापतं. सकाळी सातच्या आत किंवा दिवेलागणीनंतर करा, पण झोपायच्या दोन तास आधी संपवा. वहीत वजनाशेजारी रात्रीची झोप आणि मनाची स्थिती दहापैकी किती तेही लिहा. महिन्याने मागची पानं पाहिली की स्वतःत पडलेला फरक दिसतो, एरवी तो लक्षातच येत नाही.

खाण्यात प्रथिनं हवीत. ६० किलोच्या माणसाला दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. पातळ कुळथाच्या पिठीच्या वाटीतून जेमतेम पाच ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून बारा. मासेमारीबंदीत आणि श्रावणात मुगाची, कुळथाची घट्ट उसळ रोज ठेवा.

गणपतीत, शिमग्यात घर भरलेलं असतं. त्या आठवड्यात एकदाच करा, ताकद जात नाही. चुकलेला दिवस दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नका, त्यातूनच दुखापत होते आणि सवय मोडते.

हृदयविकार, अनावर रक्तदाब, हर्निया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उदासीवरची गोळी चालू असेल तर व्यायामाच्या भरवशावर ती बंद करू नका. दोन आठवडे मन उठतच नसेल, जगणं नको वाटत असेल, तर वजन बाजूला ठेवून १४४१६ या टेलि-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. तिथे मराठीत बोलता येतं.