बांध पेटवण्याआधी नाल्याच्या काठावर उतरून पाहा

कापूस वेचून झाला की खान्देशात एकच घाई: पऱ्हाटी उपटायची, बांधावर ओढायची, काडी लावायची. सोबत नाल्याकाठचं वाळलेलं गवतही जातं. आणि नेमकं याच दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, शृंगी घुबड त्या काठावर अंडी घालतं. घरटं असं ते बांधतच नाही. मातीच्या कपारीत किंवा झुडपाआड, उघड्या जमिनीवरच दोन ते चार पांढरी अंडी. मादी महिनाभराहून जास्त बसते. पिलं उडू लागण्याआधीच काठावर पायी हिंडतात. आग आली तर ती जाणार कुठं?

मागच्या पौषात गिरणाकाठी एका शेतात राखेत तीन अंडी दिसली, एक तडकलेलं, दोन धुरानं काळी. बाजूला घुबडानं ओकलेले उंदरांच्या केसांचे नि हाडांचे गोळे. मालक म्हणाला, "दादा, मले काय माहीत तठे काय व्हतं?" महिन्याभरानं त्याचा गहू पोटरीत आला आणि उंदरांनी मधोमध चकत्या पाडल्या. शेजारच्या केळीत ठिबकच्या नळ्या कुरतडल्या. घुबड गेलं म्हणूनच हे झालं, असं छातीठोक सांगत नाही. पण रात्री 'बूऽबो' ऐकू येतं तिथं ताजी बिळं कमी, हा माझा पायी फिरून बांधलेला अंदाज.

पऱ्हाटी शेतात ठेवू नका, तिच्यात गुलाबी बोंडअळी राहते. पण जाळूही नका. श्रेडरनं कुट्टी करून खड्ड्यात कुजवा. जेसीबीनं काठ खरवडायचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडावर, आत्ता नको.

उंदरांसाठी दुकानदार ब्रोमॅडिओलोन या विषाच्या वड्या पुढं करील. ते खाल्लेला उंदीर दोन-चार दिवस झिंगत फिरतो, घुबड त्यालाच उचलतं आणि विष त्याच्या पोटात जातं. महाग ते महाग, वर हे. त्यापेक्षा:

- संध्याकाळी सगळी बिळं बुजवा, सकाळी उघडलेली तेवढीच जिवंत.
- दोन दिवस नुसतं तेल लावलेलं भरडलेलं धान्य द्या.
- मग 96 भाग धान्य, 2 भाग तेल, 2 भाग झिंक फॉस्फाईड हे विष. काडीनं कालवा, हात लावू नका. बिळात 10 ग्रॅम, तोंड बंद.
- मेलेले उंदीर पुरा.
- अंड्यांजवळ विष नाही, फक्त पिंजरे.

बाकी कामं:
- गहू: पेरणीनंतर 21 दिवसांनी पाणी.
- हरभरा: घाटेअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे), पक्षीथांबे, 5 टक्के निंबोळी अर्क.

अंडी दिसली तर पन्नास पावलं लांबूनच नांगर वळवा. 1972च्या वन्यजीव कायद्यानं घुबडाला संरक्षण आहे. फोटो मात्र गावाच्या ग्रुपवर टाकू नका. अमावास्येच्या जादूटोण्यासाठी घुबड हुडकणारे त्याच ग्रुपवर असतात.