डिस्क करकरतेय? आधी जागा करा, मग डीफ्रॅग

रेकॉर्डिंगची ७०० एमबीची फाइल उघडायला टाकली की माझ्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटातून करकर सुरू व्हायची. मी जिना उतरून, पत्रपेटी बघून परत येईपर्यंत ती चालूच असायची. डिस्क ९४ टक्के भरलेली होती, आणि खरं दुखणं तिथेच होतं. सलग मोकळी जागा नसली की विंडोज फाइल जिथे फट दिसेल तिथे तुकड्यातुकड्यांत लिहितं. त्यात मी रेकॉर्डिंग आणि डाउनलोड एकाच वेळी चालवायचो, म्हणजे दोन वाढत्या फाइली एकमेकींत गुंतत जायच्या.

हिशोब करून बघा. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची. हेड, म्हणजे डेटा वाचणारं टोक, योग्य ट्रॅकवर (डिस्कवरच्या गोल पट्ट्यावर) न्यायला साधारण आठ-नऊ, वर सरासरी अर्धी फेरी वाट बघणं. म्हणजे एका तुकड्यामागे बारा-तेरा मिलिसेकंद. सेकंदाला १४० एमबी वाचणारी डिस्क माझी फाइल सलग असती तर ५ सेकंदांत वाचेल. तिचे ४००० तुकडे असतील तर वर जवळजवळ ५० सेकंद नुसते हेड पळवण्यात जातात. तुकडे ४० असतील तर मात्र अर्धा सेकंद. तेवढ्यासाठी डीफ्रॅगच्या, म्हणजे विखुरलेले तुकडे परत सलग जुळवण्याच्या, मागे लागू नका.

आता कामाला. विंडोजच्या सर्चमध्ये 'डीफ्रॅग' शोधलंत की ड्राइव्हची खिडकी उघडते. त्यात 'मीडिया टाइप'खाली सॉलिड स्टेट (एसएसडी, म्हणजे फिरत्या चकतीऐवजी चिपवर साठवणारी डिस्क) दिसलं तर डीफ्रॅगचा विषय सोडा. एसएसडीत हेडच नाही, धावणार कोण? तिथे विंडोज ट्रिम करतं, म्हणजे कुठली जागा आता रिकामी आहे ते एसएसडीला कळवतं; ते करू द्या.

हार्ड डिस्क असेल तर आधी बॅकअप. करकर वेगळी आणि ठरावीक टक-टक वेगळी; टक-टक म्हणजे डिस्क बिघडत चालल्याची खूण, ती येत असेल तर डीफ्रॅग अजिबात नको, डेटा तेवढा बाहेर काढा. नंतर नको त्या फाइली उडवून निदान १५ टक्के जागा मोकळी करा. तुकडे हलवायला अंगणच नसेल तर डीफ्रॅग अर्धवट राहतो. मग 'अॅनालाइझ', आणि तुकड्यांच्या टक्केवारीचा आकडा मोठा असेल तर 'ऑप्टिमाइझ'. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा.

मी रात्री लावून झोपलो. सकाळी तीच फाइल उघडली. सुरुवातीला एकदा कर्र झालं, आणि मी अजून खुर्चीतच होतो.